ताकातली पुडी

माझ्या बायकोला हे माहीत नाही. दादाला माहीत नाही. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या डॉक्टरलाही माहीत नाही. एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस आता नाही. तुम्हाला सांगतोय — का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही. इतकी वर्षं दाबून धरलेली जीभ अशी एकदम सुटेल का? तेव्हा जरा आडवळणानं येतो. कंटाळू नका.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती शरमेचं आहे ते कळेल. मी वाळूजच्या एका औषध कंपनीत क्वालिटीत आहे. गोळ्यांच्या पट्टीवर बॅच नंबरातला एक आकडा पुसट आला तरी अख्खा माल अडवून ठेवणारा माणूस. घरीही तीच खोड. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय मी बिस्कीट चहात बुडवत नाही. बायको म्हणते, तुम्ही स्वर्गात गेलात तर अमृताची बाटलीही उलटीपालटी करून बघाल. लोक हसतात, मीही हसतो. माझ्या सावधपणाचा मला जरा गर्वच होता, खोटं कशाला बोलू.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, आणि वहिनी नुकतीच सासरी आलेली, स्वतःच पोरसवदा. तिनं मला पदरात घेतलं. माझ्या डोक्याला तेल तिनं लावलं, माझ्या नावानं मास्तरांची बोलणी तिनं खाल्ली. मला ती कधी भाऊजी म्हणाली नाही. मी तिचा बापू. शहरात शिकायला निघालो तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून तिनं धपाट्यांचं फडकं आत सरकवलं आणि उपाशी राहू नको एवढंच म्हणाली. पुढे मला नोकरी लागली, पडेगावला फ्लॅट झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी ती आली की आधी माझं ताट बघायची.

दादाची शेती पाचोडच्या अलीकडे. एका वर्षी वहिनीच्या पोटात उजव्या अंगाला कळा यायला लागल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. पित्ताची पिशवी काढून टाकावी लागणार होती, आणि ती कुणाच्या हातून काढायची, हे तिनंच ठरवलं. सोमाच्या.

सोमा म्हणजे डॉक्टर सोमनाथ. त्याच्या घरी मेंढरं. सुगी झाली की त्याचा बाप आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचा — रात्रभर कळप वावरात बसला की खत होतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. तेव्हा हा पोरगा आमच्या ओट्यावर वहिनीच्या हातची भाकरी खायचा आणि कंदिलाशेजारी पुस्तक उघडून बसायचा. तो सर्जन झाला, शहरात त्यानं छोटा दवाखाना टाकला, तेव्हा वहिनीला झालेला आनंद त्याच्या आईपेक्षा कमी नव्हता. दुसऱ्या डॉक्टरचं नावही तिनं काढू दिलं नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, छान झालं. वहिनी माझ्याकडेच राहिली. दादाचा कापूस वेचणीला आलेला, त्याला थांबणं शक्य नव्हतं. निघताना तो मला म्हणाला, "तुझ्या भरवशावर ठिवून चाललो." ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

टाके सुकत आले होते. एका सकाळी बायको गॅलरीतल्या उन्हात वहिनीचे केस विंचरत होती. तिनं मला हळूच बोलावलं आणि त्यांचे डोळे बघा म्हणाली. पांढऱ्या भागावर पिवळी झाक होती. फार नाही — पण होती.

सोमानं लगेच रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मग मला समोर बसवून समजावलं. मी विज्ञानाचा पदवीधर असल्याचं त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं आपल्या शहराचं पाणी घेतलं उदाहरणाला. म्हणाला, बापूकाका, नळाला पिवळं पाणी आलं तर दोष कुठे कुठे असू शकतो? एक तर जायकवाडीतूनच गढूळ पाणी जास्त आलं. किंवा पाणी शुद्ध करणारं केंद्र नीट चालत नाही. किंवा गल्लीतली पाइप तुंबली, फुटली. काविळीचंही तसंच. रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त मोडल्या तर पिवळेपण वाढतं. लिव्हर थकलं — भुलीच्या औषधानं, एखाद्या गोळीनं, जंतूनं — तरी वाढतं. आणि पित्ताच्या नळीत खडा अडकला किंवा ऑपरेशनात नळीला इजा झाली, तरी वाढतं. काकूंचं प्रमाण थोडंच आहे, नळी मोकळी दिसते आहे, बहुतेक लिव्हर जरा दमलंय, आपोआप उतरेल. दोन गोळ्या त्यानं बंद केल्या. आणि दारापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, बाहेरचं कसलंही औषध मात्र देऊ नका, काविळीच्या नावाखाली लोक काहीबाही देतात.

मी मान हलवली. मी! मला हे सांगायला हवं होतं का?

पण घरी आलो आणि भीतीनं माझा ताबा घेतला. दिवसभर फोनवर वाचत बसलो. ऑपरेशननंतरची कावीळ — कारणं. जितकं वाचावं तितकी कारणं निघत, आणि प्रत्येक कारणाच्या शेवटी मला वहिनीच दिसे. काही करायचं नाही, फक्त थांबायचं, हे मला झेपेना. आईच्या वेळी मी लहान होतो, तेव्हाही घरचे सगळे नुसते थांबले होते. तुम्ही कधी कुणाच्या डोळ्यांचा रंग रोज सकाळी तपासला आहे? मी तपासत होतो, आणि मला रोज तो वाढल्यासारखाच वाटत होता.

कंपनीच्या कँटीनमध्ये एक जण, आता तो निवृत्त होऊन गावी गेला, सहज बोलता बोलता म्हणाला की पाचोडच्या पलीकडे एका वस्तीवर एक म्हातारा काविळीचं औषध देतो. फक्त रविवारी. आपल्या आजोबांचं व्रत म्हणून देतो, एका नारळाशिवाय काही घेत नाही. मी हसण्यावारी नेलं. आणि रविवारी पहाटे मोटारसायकल काढली.

आडूळ मागं टाकलं. आमच्या गावाचा फाटा आला तेव्हा तोंडाला रुमाल बांधला, कुणी ओळखू नये म्हणून. दादा तिथून हाकेच्या अंतरावर झोपला होता. बघा, तेव्हाच मला ठाऊक होतं की मी चोरी करतो आहे.

म्हाताऱ्याच्या अंगणात माणसं उकिडवी बसली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझी पाळी आली. त्यानं कागदाच्या पुड्या दिल्या, तपकिरी भुकटीच्या. रविवारी उपाशीपोटी ताकातून द्यायची, असे तीन रविवार. हळद, तेल बंद. आणि तिसरा रविवार होईपर्यंत वाच्यता करायची नाही. कशात दिलं, कुणी दिलं, दिलं की नाही — कुणापाशी तोंड उघडायचं नाही. मी विचारलं, यात काय काय आहे? तो ओशाळल्यासारखा हसला आणि म्हणाला, "बोललं की गुण जातो, बाबा." वाईट माणूस नव्हता तो. त्याला बोल लावायला मी हे लिहीत नाही.

नाव नसलेली, तारीख नसलेली, आत काय आहे ते ठाऊक नसलेली पुडी. माझ्या टेबलावर आली असती तर मी काय केलं असतं, ते तुम्हाला माहीतच आहे. ती मी खिशात घातली.

पुढच्या रविवारी बायको उठायच्या आत पहिली पुडी ताकात कालवून वहिनीला दिली. ती म्हणाली, कडू लागतंय. मी म्हणालो, ताकदीचं आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गटागटा पिऊन टाकलं. माझ्या हातचं ती विष म्हणून दिलं असतं तरी प्यायली असती — हे वाक्य लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहितो.

आता नीट ऐका. पुढच्या तपासणीत कावीळ कमी झाली होती. सोमा खूश. म्हणाला, म्हटलं होतं ना, आपोआप उतरेल. आणि मी मनात त्याला हसलो! वाटलं, आपोआप कसली, आमच्या पुडीनं उतरली. ती उतरतच होती हो. मी काही केलं नसतं तरी उतरली असती. तपासणीनंतरच्या रविवारी मी दुसरी पुडी दिली. जरा मोठीच होती.

त्यानंतर ती अन्नाला शिवेना. ओकाऱ्या, अंगाला खाज. मग डोळेच नाही, तळहात पिवळे, लघवी चहासारखी. दवाखान्यात भरती केली. सोमानं पुन्हा सगळं तपासलं, आणि या खेपेला त्याचा चेहरा उतरलेला होता. नळीत खडा नाही, रक्त मोडत नाही, जंतूही सापडत नाहीत. त्यानं मला बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं, काका, काही बाहेरचं दिलं का? झाडपाला, पुडी, काढा? रागावणार नाही मी. फक्त सांगा.

मी नाही म्हणालो.

का? तुम्हाला हसू येईल. तिसरा रविवार व्हायचा होता. बोललो तर गुण जाईल, असं माझ्या डोक्यात आलं. बी.एस्सी. झालेल्या, गोळ्या तपासून पोट भरणाऱ्या माझ्या डोक्यात! तिची अशी अवस्था झाली होती आणि मी त्या पुडीचा गुण जपत होतो. निदान त्या दिवशीचं खरं कारण तेवढंच. पुढच्या दिवसांचं तेही नव्हतं. एकदा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जे लागतं, ते माझ्यात नव्हतं.

तिला मोठ्या इस्पितळात हलवलं तेव्हा सोमा स्वतः अँब्युलन्समध्ये बसला. वाटेत त्यानं पुन्हा विचारलं. मी चपलांकडे बघत राहिलो. मग त्यानं वहिनीलाच विचारलं. ग्लानीत होती, पण शुद्धीवर होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाय रे सोमा. घरचंच खाल्लं, अन तुझ्या गोळ्या."

तो दोन पावलांवर होता. मला नुसतं म्हणायचं होतं — वहिनी, खोटं नको बोलू. म्हणालो नाही.

इस्पितळात तो कागद करायला गेला तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता. "बापू, ताकात काय व्हतं ते मला कळत नाय व्हय? मी तुझं नाव घ्यायची नाय. तुला वाटलं तर तू सांग." मग म्हणाली, "सोमा लई घाबरलाय रे."

स्वतःचं काही नाही. तिला सोमाची काळजी होती, आणि माझी. मी तिचा हात धरून बसलो, आणि तिनं जे सांगितलं ते सोडून बाकी सगळं केलं. फळं आणली, उशी नीट केली, देवाला नवस बोललो.

कारण सापडत नव्हतं, म्हणून डॉक्टर नळीचाच संशय धरून बसले. खात्री करायला तोंडातून दुर्बीण आत घालायचं ठरलं. तिच्या अंगात त्राण नव्हतं. तिला नेताना ती नको नको म्हणत होती, आणि मी खाटेबरोबर चालत, काही होत नाही, काही होत नाही, म्हणत होतो. नळी धडधाकट निघाली. मला ते आधीच माहीत होतं. तो जाच तिला फुकट भोगावा लागला, माझ्या तोंडाच्या कुलपापायी.

ती गेली. त्या दुर्बिणीनंतर फार दिवस काढलेच नाहीत तिनं.

वेळेवर बोललो असतो तर वाचली असती का? मला माहीत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. पुडीनंच झालं, हेही छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. लिव्हर खराब करणाऱ्या झाडपाल्याबद्दल मी नंतर हाती लागेल ते वाचून काढलं. त्या 'कदाचित'च्या आड मी काही दिवस लपूनही पाहिलं. पण माझं जे चुकलं ते तिथे नाहीच. कारण शोधणाऱ्या माणसापासून मी कारण लपवलं. त्यात कदाचित नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दादा ओक्साबोक्शी रडला, आणि मग सोमा समोर आला तेव्हा चार माणसांत म्हणाला, "मेंढरामागच्या पोराच्या हातात सुरी दिली, माझंच चुकलं." सोमानं मान खाली घातली. मी दादाच्या पाठीवरून हात फिरवत होतो. तो हात मी थांबवलासुद्धा नाही. त्या एका वाक्यानं गावात काय काय झालं, ते तुम्ही समजू शकता. सोमाच्या बापाला आमच्या रानात मेंढरं बसवायला कुणी पुन्हा बोलावलं नाही. आमचं बघून शेजारच्यांनीही बोलावणं बंद केलं. पाचोडच्या बाजारात लोक सोमाचं नाव घेऊन एकमेकांना सावध करायला लागले.

दहाव्याला तो आला होता. लांब, बाभळीखाली उभा राहिला. दादाच्या पोरांनी त्याला जायला सांगितलं. मी त्याला मोटारसायकलपर्यंत सोडायला गेलो — सभ्यपणा माझा कुठे जात नाही. किल्ली लावता लावता तो थांबला. "बापूकाका, मी पुन्हा पुन्हा आठवून बघतो. माझं कुठं चुकलं ते सापडत नाही." काकूंच्या हातची भाकरी खाल्ली मी, असं काहीतरी पुढे म्हणाला.

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. मी म्हणालो, नशीब रे.

आता तो सोयगावकडे असतो. ताप-खोकल्याची औषधं देतो. शहरातला दवाखाना भागीदाराकडे सोडला, आणि सुरी हातात धरत नाही म्हणतात. दिवाळीला मला न चुकता फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, मग हळूच त्याच विषयावर येतो — भुलीचं ते औषध तर नसेल ना काका, का मी दिलेली पहिली गोळी? एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःवर किती आरोप करून पाहिले, त्याला गणती नाही. मी ऐकून घेतो. चांगला ऐकून घेणारा माणूस म्हणून माझं त्याच्याकडे नाव आहे.

मागच्या वर्षी गावातल्या एका घरची सून शहरात सिझेरियन होऊन आली आणि तिला कावीळ दिसली. दादाचा फोन आला. आता तो थकलाय, आवाज कापतो. म्हणाला, आपल्या पाचोडच्या पलीकडंच एक म्हातारा औषध देतो, मला आत्ता कळलं. येत्या रविवारी मी स्वतः आणून देतो त्या पोरीला. आणि मग म्हणाला, "तवा मला कुणी सांगितलं नाय रे. तिला हे दिलं असतं, तर वाचली असती."

मी गॅलरीत उभा होतो. जिथं वहिनीचे केस विंचरले होते, तिथंच.

आता तरी? दुसऱ्याच्या पोरीचा जीव, आणि फोनवर माझा भाऊ. मी म्हणालो, दादा, तो म्हातारा आता औषध देत नाही, बंद केलं त्यानं, कंपनीतल्या माणसाकडून कळलं. म्हणजे त्या पोरीला वाचवायलाही मी आणखी एक खोटंच शोधलं. दादानं विश्वास ठेवला. माझ्यावर तो ठेवतोच.

ती पोरगी बरी झाली. डॉक्टरांनी काही केलं नाही फारसं — तपासलं, एक औषध बंद केलं, थांबायला सांगितलं. कावीळ आपोआप उतरली. दादानंच मला फोन करून कळवलं. वर म्हणाला, "बघ बापू. आपल्याला असा डॉक्टर भेटला असता तर."

मी म्हणालो, "व्हय, दादा."